मुकी बाई आणि बोलभांड थेरपिस्ट

आधीच सांगून टाकतो. या पुस्तकाचं रहस्य मी इथं फोडणार आहे. ज्याला ते जपून ठेवायचंय त्यानं पान उलटावं, पुढची कविता वाचावी. रहस्य न फोडता या पुस्तकाची झडती घेताच येत नाही. कारण रहस्य काढून घेतल्यावर आत काय उरतं, सवाल तोच आहे.

पुस्तकाचं नाव 'द सायलेंट पेशंट'. लेखक अलेक्स मायकेलिडीस. जन्म सायप्रसचा, शिक्षण केंब्रिजचं, आधी सिनेमाच्या पटकथा लिहायचा. २०१९ साली ही त्याची पहिली कादंबरी आली आणि जगभर लाखांनी खपली. शहरात फूटपाथवर जिथं पुस्तकांचे ढीग लागतात तिथं ही दिसतेच, पातळ कागदावरची चोरटी छपाई. तुमच्यापैकी निम्म्यांच्या उशाशी असेल. पुण्यात एमपीएससी करणाऱ्या एका पोराच्या बॅगेतून एक प्रत शेगावच्या एसटीनं आमच्या वरवट बकालातही उतरली. पोरगं म्हणालं, "दादा, वाचच. मनाचा लय खोल अभ्यास हाय."

मनाचा अभ्यास म्हटल्यावर बसलो. दोन रात्री. पानं भराभर उलटतात, हे मान्य केलंच पाहिजे. दोन-तीन पानांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी एक गळ टाकलेला. सिनेमावाल्याचा हात आहे, कळतो. पण पानं उलटणं आणि मन उलगडणं ह्या काय एकच गोष्टी आहेत? पत्त्याचा डावही रात्रभर चालतो.

गोष्ट अशी. अलिशिया बेरेन्सन नावाची चित्रकार. नवरा गॅब्रिएल, फॅशनचे फोटो काढणारा, नावाजलेला. लंडनमधलं भारी घर. एके रात्री बाई खुर्चीला बांधलेल्या नवऱ्याच्या तोंडावर पाच गोळ्या झाडते. त्यानंतर एक शब्द बोलत नाही. पोलिसांपुढं नाही, कोर्टात नाही. फक्त एक चित्र काढते, स्वतःचंच, आणि त्याला नाव देते 'अल्सेस्टिस'. सहा वर्षं ती 'द ग्रोव्ह' नावाच्या बंदिस्त मनोरुग्णालयात औषधांच्या गुंगीत पडून. मग तिथं थिओ फेबर नावाचा थेरपिस्ट नोकरी धरतो. त्याला तिला बोलतं करायचंय. सगळी गोष्ट तोच आपल्याला सांगतो. आणि मध्ये मध्ये आपल्या संसाराचं रडगाणं: बायको कॅथी, नाटकातली नटी, तिचं बाहेर प्रकरण, यानं तिचे ईमेल वाचले, तिच्या मागं मागं फिरला, तिच्या यारामागं त्याच्या घरापर्यंत गेला.

आता रहस्य. ते रडगाणं आत्ताचं नाहीच. सहा वर्षांपूर्वीचं आहे. कॅथीचा यार म्हणजे गॅब्रिएल. त्या रात्री मुखवटा घालून घरात घुसलेला माणूस म्हणजे हाच थिओ. त्यानं दोघांना बांधलं आणि नवऱ्याला विचारलं, दोघांतलं एक मरेल, बोल कोण? गॅब्रिएल म्हणाला, मला मरायचं नाही. म्हणजे बायको मेली तरी चालेल. थिओ कुणालाच न मारता निघून गेला. पुढचं काम अलिशियानं केलं.

झालं. एवढंच. दोन कॅलेंडरं एकावर एक ठेवली आणि वरच्याच्या तारखा खोडल्या. यालाच जगभरचे वाचक 'डोकं सुन्न करणारा शेवट' म्हणतात. माझं डोकं तापलं.

फसवणूक ही रहस्यकथेची भाकरीच आहे, तिचा मला राग नाही. अगाथा ख्रिस्तीनं १९२६ साली 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये गोष्ट सांगणारालाच खुनी केलं. लोक तेव्हाही खवळले. पण ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचा. सांगणारा कुठं गप्प बसला, कुठं अर्धी गोष्ट गिळली, ते सापडतं. तो खोटं बोलत नाही, गाळतो. आणि त्या गाळण्यातूनच तो माणूस कळतो: भित्रा, हिशेबी, वरून सज्जन. तिथं फसवण्यातच स्वभाव आहे. इथं थिओ का लपवतो? कुणापासून लपवतो? तो कुणाला ही गोष्ट सांगतोय? डायरी लिहितोय, कबुली देतोय, की कोर्टाला फसवतोय? काहीच नाही. तो फक्त तुमच्या-माझ्यापासून लपवतो, आणि तेही लेखकाला शेवटच्या पन्नास पानांत बार उडवायचाय म्हणून. ज्या माणसानं एका बाईचं आयुष्य मोडलं तोच रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतो, आणि त्याच्या डोक्यात त्या रात्रीचं एक चित्रसुद्धा येत नाही? घाम नाही? हात थरथरत नाही? येत असणार हो. पण सांगितलं तर पुस्तक संपतं. म्हणजे ज्या मनाचा खोल अभ्यास होता, नेमकं त्याच मनाला लेखकानं तीनशे पानं कुलूप लावलं.

आमच्या बापजाद्यांनी बाबूराव अर्नाळकर वाचले. माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. लायब्ररीतून आणायच्या, कंदिलाखाली फडशा पाडायचा, सकाळी परत करायच्या. गिरणीतला माणूस वाचायचा, हमाल वाचायचा. प्रस्थापितांनी नाकं मुरडली. पण अर्नाळकरांनी कधी छातीवर 'मानसशास्त्र' असा बिल्ला लावला नाही. जे विकलं ते नाव सांगून विकलं. ह्या नव्या मालाचा धंदा वेगळा. याला पळापळीचे पैसे पाहिजेत आणि वर अभ्यासाची इज्जतही पाहिजे.

आणि अभ्यास कसला, तर गणिताचा. थिओ असा का? बाप मारायचा. अलिशिया अशी का? आई गाडीच्या अपघातात मेली, पोर वाचली, आणि बाप म्हणाला की बायकोच्या जागी ही मेली असती तर बरं झालं असतं. पोरीनं ऐकलं. बस. लहानपणी एक जखम घाला, तीस वर्षांनी एक खून काढा. नवऱ्यानं 'मला मरायचं नाही' म्हटलं की बापाचं जुनं वाक्य पेटतं आणि बंदूक सुटते. बटण आणि दिवा. माणसाचं मन एवढं सरळ वायरिंगचं असतं तर वेड्याच्या डॉक्टरऐवजी वायरमन बोलावला असता.

बरं, लेखक काही अडाणी नाही. मानसोपचाराचं शिक्षण घेतलंय, तरुण रुग्णांच्या बंदिस्त वॉर्डात अर्धवेळ कामही केलंय. म्हणून राग जास्त. ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्यानं हे लिहावं? त्याचा थेरपिस्ट पेशंटजवळ कमी बसतो आणि डिटेक्टिव्हसारखा जास्त हिंडतो. दिराला भेट, आतेभावाला भेट, चित्रं विकणाऱ्याला भेट. वरिष्ठ दटावतात, हा पुन्हा हिंडतो. भेटेल तो माणूस संशयास्पद. दीर वाईट नजरेचा, शेजारीण भोचक, डॉक्टर काहीतरी लपवणारा. प्रत्येकाला एक एक पाटी दिलीय: 'माझ्यावर शक घ्या'. शक संपला की पाटीसकट माणूस गायब. कॅथीचं तर विचारूच नका. जिच्यामुळं सगळं घडलं म्हणतात त्या बाईला मन आहे की नाही, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. आणि अलिशियाची डायरी! नवऱ्याशी, दिराशी, डॉक्टरशी झालेलं बोलणं जसंच्या तसं, अवतरणचिन्हांसकट. भेदरलेली बाई डायरी लिहिते की शॉर्टहँड घेते?

हे सगळं एकवेळ चाललं असतं. धंदेवाईक पुस्तकात असतं असं. खरी चोरी दुसरीकडं आहे.

अल्सेस्टिस ही ग्रीक नाटकातली बाई. युरिपिडीसनं इसवी सनापूर्वी ४३८ साली ते नाटक रंगमंचावर आणलं. नवऱ्याचं मरण टळावं म्हणून दुसऱ्या कुणीतरी मरायला पाहिजे. म्हातारे आईबाप नाही म्हणतात. बायको मरते. नवरा तिला मरू देतो आणि मग धाय मोकलून रडतो. पुढं हेराक्लीस तिला मरणाकडून हिसकून आणतो. ती घरात उभी आहे, जिवंत, आणि बोलत नाही. नाटक कारण देतं, तीन दिवसांचं सुतक. पण बघणाऱ्याला कारण दुसरंच कळतं. ज्यानं आपल्याला मरू दिलं त्या माणसाशी आता काय बोलायचं? चोवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं बाईच्या गप्प राहण्यात केवढं भरून ठेवलंय! मायकेलिडीसनं ही गोष्ट उचलली. निवड चांगली. आणि तिचं काय केलं? कुलपाची किल्ली केली. 'मला मरायचं नाही' हे वाक्य या पुस्तकातली एकमेव जिवंत जागा आहे. सात वर्षांचा संसार एका वाक्यात उघडा पडतो. तिथं थांबायला पाहिजे होतं. लेखक तिथून पळतो, कारण त्याला तुम्हाला मुखवट्यामागचं तोंड दाखवायची घाई.

आमच्या गल्लीतल्या एका मावशीला ही गोष्ट सांगितली. अक्षरओळख नाही, पण गोष्टीतली गोम तिला लगेच कळते. सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, मावशी, सहा वर्षं बाई का बोलली नसेल? ती म्हणाली, "कायले बोलन ते? आयकनारा कोन होता? सगयेच तिच्यापाशी काही काढाले येत होते." मला पुस्तकाच्या साऱ्या परीक्षणांत हे वाक्य सापडलं नाही.

मावशीला गप्प बसणं माहीत आहे. या पट्ट्याला माहीत आहे. बुलडाणा हा २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. ते पॅकेज कशासाठी होतं हे सांगायला नको. शेतकऱ्यानं जीव दिला की घरात माणसं येतात. तलाठी येतो, पोलीस येतो, कागद येतो. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जातं. सातबारा मयताच्या नावावर होता का? कर्ज बँकेचं की नातेवाइकाचं? वसुलीचा तगादा होता का? पित होता का? घरात भांडण होतं का? मग शिक्का पडतो, पात्र किंवा अपात्र. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. आता ती बाई ओसरीच्या कोपऱ्यात बसलेली आहे. तिला माहीत आहे, एक शब्द वाकडा गेला आणि साहेबानं तो लिहून घेतला की लेकरांचे लाख रुपये गेले. सासरा बोलतो, दीर बोलतो, सरपंच बोलतो. ती बोलत नाही. डोकं शाबूत आहे म्हणून बोलत नाही. आणि जिच्या नवऱ्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या वावरात राबून मेला, त्या शेतमजुराच्या घरी तर ती समितीही येत नाही. तिथलं गप्प बसणं मोजायला कागदसुद्धा नाही.

सांगा, यात रहस्य कमी आहे? ती काय लपवतेय, कुणापासून लपवतेय, बोलली तर काय होईल, पान उलटायला लावणारे सगळे सवाल इथं आहेत. फरक एवढाच की इथं उत्तर अख्ख्या गावाला ठाऊक असतं आणि तरी कुणी उच्चारत नाही. ही खरी भीती आहे. लंडनच्या ग्रोव्हमध्ये एकटा लेखक गप्प असतो.

ग्रोव्हचंही बोललं पाहिजे. वेड्यांचं इस्पितळ म्हणजे काय, हे दाखवायची केवढी जागा होती. त्यात एलिफ नावाची तुर्की पेशंट आहे. थोराड, आरडणारी, अंगावर येणारी. ती तिथं का आली, तिचं कोण आहे, तिच्या भाषेत तिच्याशी कुणी बोलतं का? लेखकाला फुरसत नाही. ती भीती दाखवायला ठेवलीय, जत्रेतल्या राक्षसासारखी. गोरी, देखणी, चित्रकार बाई गप्प बसली की ते कोडं. तुर्की बाई ओरडली की तो नुसता आजार. इस्पितळाचा खर्च परवडत नाही म्हणून ते बंद पडणार, अशी एक ओळ पुस्तकात येत राहते. बंद पडल्यावर एलिफ कुठं जाणार? थिओचा शेवट आपल्याला कळतो, तिचा कळत नाही.

आमच्याकडं कुठं जातात ते मी सांगतो. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चारच मोठी सरकारी मनोरुग्णालयं: ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. आमच्यासाठी नागपूर. आमच्या सातपुड्याच्या पायथ्यापासून अख्ख्या दिवसाचा रस्ता, आणि सोबत बिथरलेला माणूस. म्हणून लोक त्याआधी सैलानीला जातात. बुलडाण्याजवळ पिंपळगाव सराईचा दर्गा. हिंदू जातात, मुसलमान जातात, आपलेही जातात. होळीच्या सुमाराला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, लांबलांबून 'बाहेरचं लागलेली' माणसं आणतात. तिथं गेलेल्याची टिंगल करणारा शहाणा मी नाही. जिथं डॉक्टर नाही तिथं माणूस दाराशी जाणारच, दार कोणतंही असो. पण अशा ठिकाणी माणसाच्या पायात साखळी पडते, हे देशभराचं दुखणं आहे. २००१ साली तामिळनाडूत एर्वाडीला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी घालायला बंदी केली. कायदा कागदावर चोख आहे. 'सायलेंट पेशंट' हे नाव कुणाला शोभतं, हे ठरवण्याआधी त्या अठ्ठावीस जणांचा विचार करावा.

आणि खराखुरा, खून करून गप्प बसलेला पेशंट आपल्या मुंबईनं बघितलाय. रामन राघव. साठीच्या दशकात उपनगरांत फूटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी तो फोडत गेला. १९६८ साली पकडला. पोलिसांच्या सवालांना उत्तरच देईना. शेवटी त्यानं कोंबडीचं जेवण मागितलं, ते मिळालं, आणि मग बोलायला लागला. केसांना तेल मागितलं, कंगवा मागितला, आरसा मागितला. तोंड उघडलं ते असं. कुणाच्या लहानपणच्या वाक्यानं नाही, कुठल्या ग्रीक नाटकानं नाही. १९६९ साली फाशी झाली, पुढं डॉक्टरांनी तपासून बरा न होणारा स्किझोफ्रेनिया सांगितला, १९८७ साली हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली, १९९५ साली तो मेला. या माणसाचं मन कुणाही थेरपिस्टाला शेवटपर्यंत नीट उघडता आलं नाही. खरं मन असंच असतं, शेवटच्या प्रकरणात सुटत नाही.

त्याच्यावर १९९१ साली फिल्म आली, २०१६ साली त्याचं नाव घेऊन आणखी एक आली. दोन्हींना त्याचंच नाव. जे झोपेत मेले, ज्यांना घर नव्हतं म्हणून फूटपाथ होता, त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येतं? मलाही येत नाही. सायकॉलॉजिकल थ्रिलर नावाच्या कारखान्याची ही जुनी खोड आहे. मन असतं ते मारणाऱ्याला आणि त्याचा तपास करणाऱ्याला. मरणाऱ्याला फक्त प्रेत असतं. मायकेलिडीसच्या गॅब्रिएलचं तेच झालं, आणि शेवटी अलिशियाचंही: थिओ तिला मॉर्फिन टोचून कायमची गप्प करतो, आणि तिनं लपवून ठेवलेली डायरी सापडते ती पोलीस इन्स्पेक्टरला. बाईला बोलायचा हक्क मिळाला तोही पंचनाम्यापुरता.

लेखकाची गाडी पुढं निघून गेली. २०२१ साली 'द मेडन्स', २०२४ साली 'द फ्युरी'. पहिलीत पुन्हा थेरपिस्ट, पुन्हा केंब्रिज, पुन्हा ग्रीक. माल खपतोय तोवर दुकान उघडं राहणार. त्यांचं त्यांना लखलाभ.

पण आपल्यातले चार-पाच जण सध्या रहस्यकथा लिहितायत असं ऐकतो. वेब सिरीजवाल्यांचा पैसा आहे, पाहिजे तर लिहा, पोट सगळ्यांना आहे. फक्त लिहायच्या आधी बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' काढा. १९६३ सालच्या संग्रहातली कथा. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण, परका मुलूख, डोक्यावर छप्पर पाहिजे, आणि छप्पर देणारा जात विचारणार. गुपित काय आहे? ते बागुलांनी शीर्षकातच सांगून टाकलंय. झाकलेलं कॅलेंडर नाही, मुखवटा नाही. पहिल्या ओळीपासून तुम्हाला सगळं माहीत आहे आणि कथेतल्या बाकीच्यांना नाही. कुणी प्रेमानं जवळ बोलावलं की पोटात गोळा येतो. कुणी पाण्याचा पेला पुढं केला की श्वास अडकतो. तो काही बोलला तरी धोका, गप्प राहिला तरी धोका. आणि शेवटी जे फुटायचं ते फुटतंच, अंगावर वळ उमटवून. मोजून बघा, किती पानं लागली ते. मायकेलिडीसच्या एका प्रकरणरांगेत बसेल एवढी कथा, आणि ती वाचून झाल्यावर एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस सहज म्हणून आडनाव विचारतो, तेव्हा अजूनही घसा कोरडा पडतो.